वेदनेची तयारी

ज्या वर्षी वेदनालेख पुरावा म्हणून मान्य झाला, त्या वर्षी ॲड. हेमांगी दातीर लागोपाठ सहा दावे हरली.

नाशिकमध्ये अपघातग्रस्तांची वकील म्हणून तिचं नाव होतं. बारा वर्षं ती हेच काम करत आली होती. पूर्वी जखमी माणूस साक्षीला उभा राहायचा, कुठे कसं दुखतं ते सांगायचा, समोरचा वकील उलटतपासणी घ्यायचा आणि कोणाचं खरं मानायचं ते न्यायाधीश ठरवायचे. आता वेदनालेख घेताना डोक्यावर शिरस्त्राण चढवलं, की चाळीस मिनिटांत एक आकडा बाहेर पडायचा. शून्य ते शंभर. त्याला वेदनांक म्हणत. तिचा सहावा अशील रंगारी होता, परांचीवरून पडून मणका मोडलेला. त्याचा वेदनांक आला एकोणतीस. निकाल ऐकून तो बाहेर आला आणि त्याने अगदी शांतपणे विचारलं, "म्हणजे मॅडम, मला दुखत नाही का?"

त्याच आठवड्यात हेमांगीने पुण्याच्या प्रशिक्षण केंद्रात नाव घातलं.

प्रशिक्षण पाच दिवसांचं होतं. वेदनालेख समजून घेण्याचं प्रमाणपत्र नसेल तर यापुढे असे दावे चालवता येणार नव्हते, त्यामुळे वर्गात चाळीस-पंचेचाळीस वकील दाटीवाटीने बसले होते. पहिलं व्याख्यान मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नसीम मुजावर यांचं होतं. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या बाई. हातात कागद न घेता बोलत होत्या.

"मेंदूतल्या पेशी काम करतात तेव्हा अतिशय सूक्ष्म चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते टिपणारे संवेदक पूर्वी उणे दोनशे अंशांच्याही खाली थंड ठेवावे लागत, खोलीएवढं यंत्र लागे. आता ते नखाएवढे झालेत आणि शिरस्त्राणात बसतात. वेदनेचं मेंदूत एकच ठाणं नसतं. कुठे दुखतं ते एक भाग सांगतो, किती ते दुसरा, आणि ते किती नकोसं आहे हे तिसरा. या सगळ्यांचा मिळून जो ठसा उमटतो तो यंत्र वाचतं. जखमी माणसाला अपघाताचं वर्णन करायला सांगतात, दुखरा भाग हळूच हलवतात आणि लेख घेतात. त्या वेळी त्याला जे होतंय ते यंत्राला दिसतं. लक्षात ठेवा, त्या वेळी जे होतंय ते."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "वेदना ही बातमी आहे, आणि मज्जासंस्था ती बातमी द्यायला शिकते. पाटाचं पाणी रोज एकाच बाजूला वळवलं तर ती बाजू खोल होत जाते. पुढे दार लावलं तरी पाणी तिकडेच धावतं. जखम भरते, पण दुखणं शिकून बसलेलं असतं. म्हणून आम्ही रुग्णाला सांगतो, हात वापरा, माणसांत मिसळा, मन दुसरीकडे लावा."

सरावासाठी प्रत्येक वकिलाने आपला एक अशील आणायचा होता. हेमांगीने योगिता गांगुर्डेला आणलं होतं.

योगिता निफाड तालुक्यातली. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये घड निवडायचं आणि खराब मणी कात्रीने काढायचं काम करायची. पाच महिन्यांपूर्वी बायकांना घेऊन जाणारा पिकअप कालव्याच्या वळणावर उलटला. योगिताचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि खांद्यातून उजव्या हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि बोटांत कात्री धरवत नव्हती.

सरावाच्या लेखात तिचा वेदनांक आला चौतीस.

"कमी का हो मॅडम?" शिरस्त्राण काढल्यावर योगिताने विचारलं. "दुखतं तर लई. पण दिवसभर त्याचाच इचार कोण करीत बसणार? मी दुपारी पॅकहाउसला जाऊन बसते. काम होत नाही, पण बायांशी बोलत बसलं की हाताचं ध्यानातच राहत नाही."

चौतीस आकडा समोर ठेवून न्यायाधिकरण तिला फारसं काही देणार नाही, हे हेमांगीला कळत होतं. कात्री पुन्हा हातात येणार नव्हती, तरीही.

तिसऱ्या दिवशी ॲड. विश्राम टेंबे वर्गावर आले. वय सहासष्ट, चाळीस वर्षांची वकिली. महाराष्ट्रातल्या निम्म्या अपघात-वकिलांना ते गुरुस्थानी होते; हेमांगीने सनद घेतली तेव्हा त्यांच्याच हाताखाली दोन वर्षं काढली होती. त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'तयारी'.

"साक्षीदाराला आपण तयार करतो की नाही? खोटं शिकवत नाही. खरं ते नीट सांगायला शिकवतो," ते म्हणाले. "तसंच इथे. लेखाच्या दिवशी तुमचा अशील बुजलेला असतो, गार खोलीत बसलेला असतो, गोळी खाऊन आलेला असतो. त्याची खरी वेदना यंत्राला दिसतच नाही. म्हणून तीन आठवडे तयारी करून घ्यायची. रोज सकाळी अर्धा तास अपघात पहिल्यापासून मोठ्याने सांगायचा. दर तासाला घंटा लावून दुखऱ्या जागेवर लक्ष न्यायचं आणि किती दुखतंय ते वहीत लिहायचं. शेवटचे दहा दिवस गोळी नाही, व्यायाम नाही. मन रमवणाऱ्या गोष्टी टाळायच्या. यात बेकायदा काय आहे? काहीच नाही. वेदना त्यांचीच आहे. आपण तिला फक्त उजेडात आणतो."

मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "आणि फरक किती पडतो, सर?"

"वीस ते पंचवीस अंक."

वर्गात कुजबुज झाली. हेमांगीला पहिल्या दिवशीचं पाटाचं पाणी आठवलं. तिने हात वर करायला घेतला. टेंबेंनी तिच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसले आणि म्हणाले, "बोल हेमांगी." तेवढ्यात तिच्या मनात तो रंगारी येऊन गेला.

"काही नाही, सर," ती म्हणाली.

दुपारी डॉ. मुजावर तिला जिन्यात भेटल्या. तेव्हाही विचारता आलं असतं. तिने नुसता नमस्कार केला आणि ती खाली उतरली.

योगिताने तयारी मनापासून केली. हेमांगीने तिला वही दिली, फोनमध्ये घंटा लावून दिली. पॅकहाउसला जाऊन बसायचं नाही, हे ऐकून मात्र ती हिरमुसली.

"तीनच आठवडे, योगिताताई."

"तीनच ना? मंग काढते."

तीन आठवड्यांचे चौदा झाले. सगळ्या जिल्ह्याला मिळून यंत्र एकच होतं. पहिली तारीख आली त्या दिवशी यंत्र बंद. दुसऱ्या तारखेला पिकअपच्या विमा कंपनीचे वकील ॲड. निकुंभ यांनी मुदत मागितली. तिसऱ्या वेळी तंत्रज्ञ रजेवर. दर वेळी योगिताचा फोन यायचा, "आता काय करू?" आणि दर वेळी हेमांगी सांगायची, "तयारी चालू ठेवा. आता सोडलीत तर केलेलं वाया जाईल."

जुलैमध्ये लेख झाला. योगिताला तिचा नवरा संपत घेऊन आला होता. ती आधीपेक्षा वाळली होती. तंत्रज्ञाने तिचं मनगट दोन बोटांनी उचललं, तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. नुसतं डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि चाळीस मिनिटं ते वाहत राहिलं.

वेदनांक एक्याऐंशी.

निकुंभांनी कागद दोनदा वाचला आणि बॅग उचलली. नियम असा होता, की पंचाहत्तरच्या वरचा आकडा आला तर दोन महिन्यांनी पडताळणीचा दुसरा लेख घ्यायचा. मधल्या काळात कोणताही नवा उपचार करायचा नाही, म्हणजे दोन्ही लेखांची तुलना करता येते. न्यायाधिकरणाने सप्टेंबरची अठरा तारीख दिली.

संध्याकाळी टेंबेंचा फोन आला. "सत्तेचाळीस अंकांची वाढ. माझ्या कुठल्याच विद्यार्थ्याने हे केलेलं नाही. पुढच्या तुकडीला तयारीचं सत्र तू घ्यायचंस. मी आता थकलो."

हेमांगीला फार बरं वाटलं. नंतर कितीतरी दिवस तिला आठवत राहिलं, की त्या क्षणी तिला फार बरं वाटलं होतं.

दहा दिवसांनी ती एका प्रतिज्ञापत्रावर सही घ्यायला योगिताच्या घरी गेली. सकाळचे अकरा वाजले होते. उकाडा होता, तरी पंखा बंद होता. योगिता भिंतीकडे उजवी बाजू करून बसली होती. त्या बाजूचा पदर तिने कमरेला खोचून खांद्यापासून लांब ठेवला होता.

"पंखा लावू का?" हेमांगीने विचारलं.

"नको," संपतच म्हणाला. "वाऱ्याने आग होते तिची."

"कुठे? खांद्याला?"

"खांद्याला नाही आता," योगिता म्हणाली. आवाज सपाट होता. "हात सगळा. पाठ इकडची. कानापातुर आलंय. कापड लागलं तरी चटका बसतो. सही डाव्या हाताने केली तर चालंल का?"

"हे कधीपासून?"

"वही चालू केली त्याच्या महिन्याभराने असंल. तुम्ही म्हणला होता दुखणं ध्यानात ठेवायचं. मला वाटलं, अशानेच आकडा वाढत असंल."

संपत उभाच होता. गवंडीकाम करणारा, फार न बोलणारा माणूस. तो म्हणाला, "मॅडम, लेख झाला तरी घंटा वाजल्यावाणी हिला तासातासाला दुखतंय. फोनातली घंटा मी कवाच काढली."

हेमांगीने प्रतिज्ञापत्र तसंच बॅगेत ठेवलं. दुसऱ्याच दिवशी ती दोघांना घेऊन पुण्याला डॉ. मुजावरांकडे गेली.

डॉक्टरांनी तासभर तपासलं. कापसाच्या बोळ्याने योगिताच्या हाताला, मानेला, पाठीला जेमतेम स्पर्श केला आणि जिथे जिथे तिने अंग आक्रसलं तिथे पेनाने टिंब केलं. मग त्यांनी हेमांगीला एकटीला आत बोलावलं. टेबलावर दोन्ही लेख होते, मार्चमधला चौतीसचा आणि जुलैमधला एक्याऐंशीचा.

"हा मार्चमधला लेख बरं होत चाललेल्या बाईचा आहे," त्या म्हणाल्या. "नसा सुधारत होत्या. ठसा आकसत होता. चार-सहा महिन्यांत हात पूर्ण नाही, पण बराचसा सुटला असता. आणि हा जुलैमधला. इथे खांद्याचा ठसा आता सगळ्या अर्ध्या अंगाचा झालाय. मधल्या काळात दुसरी इजा नाही, आजार नाही. मधे काय झालं, दातीर?"

हेमांगीने सांगितलं. सकाळचं वर्णन, घंटा, वही, बंद केलेला व्यायाम, पॅकहाउसला जाणं बंद. चौदा आठवडे.

डॉ. मुजावरांनी दोन्ही लेख एकमेकांवर ठेवले. "मी पहिल्या दिवशी जे करा म्हणून सांगितलं, ते सगळं एकेक करून बंद केलंत," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं माझं व्याख्यान वकिलांना कंटाळवाणं होतं. तुम्ही तर नीट ऐकलं होतंत."

"उपचार आहे?"

"आहे. उलटं शिकवायचं. रोज दोन तास, पडद्यावर तिचा तिलाच लेख दाखवत, पिसापासून सुरुवात करून स्पर्श वाढवत न्यायचा, सोबत मेंदूला चुंबकीय लहरींचे हलके झटके. वर्षभर खंड पडता कामा नये, आणि वर्षभर अपघाताचं वर्णन करायचं नाही. कुणापुढेही नाही. लवकर सुरू केलं तर बऱ्याच जणांना गुण येतो. पण फैलाव होऊन पाच-सहा महिने उलटले की हे पक्कं बसतं. हिला तीन महिने होऊन गेलेत."

"पडताळणीचा लेख अठरा सप्टेंबरला आहे," हेमांगी म्हणाली. "सात आठवडे. तोवर नवा उपचार चालत नाही."

"मग तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी स्वतःला सुधारलं. "तुम्ही नाही. तिला ठरवू द्या. पण सगळं सांगून."

परतीच्या वाटेवर योगिता मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. सिन्नरजवळ संपत चहा घ्यायला उतरला, तेव्हा हेमांगीने बाजूला जाऊन टेंबेंना फोन लावला.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सरावाचा लेख दाव्याचा भाग नाही. तो कुणी मागितलेला नाही," ते म्हणाले. "सात आठवडे थांब. पडताळणी होऊ दे, निकाल लागू दे, मग जगातला सगळ्यात चांगला उपचार कर तिचा. आत्ता बोललीस तर निकुंभ म्हणेल, ही वेदना अपघाताची नाहीच. बाईच्या हातात काही पडणार नाही आणि तुझी सनद जाईल. कुणाचं भलं झालं?"

"सर, असं होऊ शकतं हे तुम्हाला माहीत होतं?"



"एकदोन जणांचं थोडं वाढल्याचं कानावर आलं होतं. प्रत्येक औषधाने कुणाला तरी पुरळ येतंच, हेमांगी. माझ्या चाळीस वर्षांत मी हजारो माणसांना न्याय मिळवून दिलाय. तू सांगितलं होतंस त्या रंगाऱ्याला विचार, त्याला काय हवं होतं."

तिने फोन ठेवला. टेंबेंचं बोलणं चुकीचं नव्हतं, हाच त्रास होता. पडताळणीत आकडा टिकला तर योगिताला आयुष्यभराची सोय होणार होती. नाही टिकला तर कात्री धरता न येणारा हात आणि गवंड्याची रोजची मजुरी. सात आठवडेच तर होते. चौदा आठवडे काढायला लावताना तिने हेच म्हटलं होतं, हे मात्र तिला आता टाळता येईना.

योगिताच्या घरी पोहोचल्यावर तिने दोघांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. वेदनालेख म्हणजे काय, तयारी कशासाठी होती, तिने योगिताच्या डोक्यात काय शिकवून ठेवलं, उपचार काय, पडताळणीची अट काय. सांगताना तिने 'आपण' हा शब्द वापरला नाही.

योगिताने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी तिने विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"शंका होती. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारणार होते. विचारलं नाही."

"का बरं?"

"उत्तर 'हो' आलं असतं, तर मला ते करून घेता आलं नसतं."

योगिता तिच्याकडे बघत राहिली. "मी रोज सकाळी ती गाडी परत उलटवली," ती म्हणाली. "रोज. मला वाटायचं, नको सांगायला. पण तुम्ही म्हणला म्हणून उलटवली. शंभर वेळा तरी पडले असेन मी त्या कालव्यात."



संपत खाली बघत म्हणाला, "सात आठवडे थांबलं तर? डॉक्टर म्हणल्या पाच-सहा महिने. अजून टाइम दिसतो. नंतर मी उचलून नेईन तिला रोज."

"तू थांबशील का?" योगिता म्हणाली. "माझं कातडं घे अन् थांब सात आठवडे. मी तुझं घेते." तिने आवाज चढवला नव्हता. संपतचा चेहरा पडला. तो उठून ओट्यावर जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याने तिथूनच विचारलं, "पुण्याला राहायचं कुठं?"

"माझी बहीण आहे हडपसरला," योगिता म्हणाली. मग हेमांगीकडे वळून, "उद्यापासून चालू करा म्हणावं. आणि तुम्ही कोर्टात काय करायचं ते करा. मला ते इचारू नका."

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी हेमांगीने वकीलपत्र मागे घेतलं, मार्चमधला लेख न्यायाधिकरणापुढे ठेवला आणि सोबत स्वतःचं सात पानी शपथपत्र जोडलं. पंधरा दिवसांनी ती साक्षीला उभी राहिली. या पिंजऱ्यात तिने शेकडो माणसं उभी केली होती; लाकडी कठडा छातीपर्यंत येतो हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

निकुंभांनी उलटतपासणी सुरू केली. ते आक्रस्ताळे वकील नव्हते. शांतपणे, एकेक पायरी उतरत ते प्रश्न विचारत.

"तर मग जुलैमधला एक्याऐंशी हा आकडा खोटा आहे, असं आपलं म्हणणं?"

"नाही. आकडा खरा आहे. त्यांना तेवढं दुखतंय."

"अपघातामुळे?"

"चौतीसपर्यंतचं अपघातामुळे. त्यापुढचं माझ्यामुळे."

"आपण ही पद्धत स्वतः शोधून काढलीत?"

टेंबेंच्या ऑफिसात पहिल्यांदा बसली होती तेव्हा हेमांगी तेवीस वर्षांची होती. शपथपत्रात तिने केंद्राचं आणि सत्राचं नाव लिहिलं होतं, माणसाचं लिहिलं नव्हतं.

"मला ती ॲड. विश्राम टेंबे यांनी शिकवली," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात मी ती इतरांना शिकवणार होते."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "आपल्या आधी किती वकिलांनी हे प्रशिक्षण घेतलंय?"

"चार तुकड्या. दीडशेच्या आसपास."

"म्हणजे दीडशे वकील, आणि प्रत्येकाचे अशील," न्यायाधीश म्हणाले. कुणाला विचारल्यासारखं नाही, स्वतःशीच. मग त्यांनी डॉ. मुजावरांना पाचारण करण्याचा आदेश दिला.

पुढच्या गोष्टी भराभर घडल्या. योगिताचा दावा चौतीस अंकांवर आणि निकामी झालेल्या हातावर निकाली निघाला. मिळालं ते फार नव्हतं. वकिलांनी तयारी करून घेतलेल्या त्रेसष्ट जणांना मुजावरांनी तपासलं, त्यातल्या अकरा जणांचं दुखणं असंच पसरलेलं होतं. त्या अकरांपैकी सहा जणांची उपचाराची वेळ टळून गेली होती. प्रशिक्षण केंद्राने ते सत्र बंद केलं. टेंबे हेमांगीशी पुन्हा कधी बोलले नाहीत. शिस्तपालन समितीने तिची सनद दोन वर्षांसाठी निलंबित केली. तिने ऑफिसची किल्ली मालकाला परत दिली आणि एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला लागली.

फेब्रुवारीत तिला नोटीस आली. योगिता संपत गांगुर्डे विरुद्ध हेमांगी दातीर. शारीरिक इजेबद्दल नुकसानभरपाई. नोटीस चांगली लिहिलेली होती. तिने ती दोनदा वाचली आणि वकील म्हणून तिला त्यात कुठे बोट ठेवायला जागा सापडली नाही.

तिच्या बाजूने ॲड. खैरनार उभे राहिले. जुने स्नेही होते. पहिल्या सुनावणीला दिवाणी न्यायालयाच्या व्हरांड्यात त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"जबाबदारी तू आधीच कबूल करून बसलीयस, त्याला इलाज नाही. पण इजा आत्ता किती आहे, हे त्यांना सिद्ध करावं लागेल. सहा महिने उपचार चालू आहे. आकडा उतरला असणार. आपण नव्याने वेदनालेख मागू. पन्नासवर आला असेल तर तुझ्यावरचा बोजा निम्मा होतो. तो तुझा हक्क आहे, न्यायालय नाही म्हणणार नाही."

"लेख घ्यायचा तर दहा दिवस उपचार थांबवावा लागतो," हेमांगी म्हणाली. "आणि अपघात सांगावा लागतो."

"एकदाच."

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला योगिता बसली होती. शेजारी संपत आणि तिची नवी वकील. तिने उजव्या खांद्यावरून पातळ ओढणी घेतली होती. ओढणी खांद्यावर टेकलेली होती. तेवढं हेमांगीला दिसलं. योगितानेही तिला पाहिलं. ओळख दाखवली नाही, नजरही वळवली नाही.

पुकारा झाला. न्यायाधीशांनी कागद चाळले आणि विचारलं, "प्रतिवादी नवीन वेदनालेखाची मागणी करणार आहेत?"

खैरनार उभे राहिले. "होय, आमचा अर्ज..."

"नाही," हेमांगी मागून म्हणाली.

खैरनार वळले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, आपल्याला बोलायचं असेल तर पुढे या. आपल्याला याचे परिणाम माहीत असतील. वादीचं दुखणं मोजल्याशिवाय त्यांनी मागितलेला आकडा आपण जसाच्या तसा मान्य करताय?"

"हो."

"कशाच्या आधारावर?"

हेमांगी पुढे येऊन उभी राहिली. "दाव्यात त्यांनी लिहिलंय, की डाव्या कुशीवर झोपता येतं, उजव्या कुशीवर येत नाही. अंगावर पाणी घेताना अजून आग होते. पूर्वीएवढी नाही, पण होते," ती म्हणाली. "त्या म्हणतात ना, तेवढं मला पुरे आहे. त्यांना मोजायला लावू नका."

खैरनारांनी अर्ज परत फाइलमध्ये ठेवला. न्यायाधीश लिहू लागले. योगिताच्या नव्या वकिलाने वाकून तिला हलक्या आवाजात काय झालं ते समजावून सांगितलं.

योगिताने ऐकून घेतलं. मग ती संपतला म्हणाली, "दीडची गाडी मिळंल. चल, संध्याकाळचा उपचार चुकायचा नाही." आणि दोघं उठून, निकाल लिहून होण्याची वाट न बघता बाहेर पडली.